तगादा आणि नादारी : ऐपतदार ऋणकोविरुद्धचा अर्ज फेटाळण्याच्या तत्त्वाचा इतिहास
(भोर मुलखाच्या संदर्भात)

१. प्रश्नाचे स्वरूप

कर्ज थकणे आणि कर्ज फेडता न येणे ह्या दोन भिन्न गोष्टी होत. पहिलीत ऋणको देत नाही. दुसरीत तो देऊ शकत नाही. धनकोच्या पदरी दोन्ही प्रसंगी निराशाच येते, आणि म्हणून त्यास हा भेद फारसा महत्त्वाचा वाटत नाही. कायद्याने मात्र ह्या दोन अवस्थांसाठी दोन निराळे मार्ग आखले आहेत. जो देत नाही त्याच्यावर दावा लावावा, हुकूमनामा मिळवावा, जप्ती व लिलाव करून आपले पैसे वसूल करावेत. जो देऊ शकत नाही त्याची उरलीसुरली मिळकत न्यायालयाने ताब्यात घ्यावी आणि सर्व धनकोंत प्रमाणशीर वाटून द्यावी. ह्या दुसऱ्या मार्गास नादारी म्हणतात. ‘नादार’ ह्या मूळ फारसी शब्दाचा अर्थ ‘ज्याच्यापाशी काही नाही तो’ असा आहे. शाळेतील गरीब विद्यार्थ्याच्या फीमाफीसही आपल्याकडे नादारी म्हणत, ती ह्याच अर्थाने.

ज्याच्यापाशी आहे, परंतु जो देत नाही अथवा आज रोख देऊ शकत नाही, अशा मनुष्याविरुद्ध नादारीचा अर्ज आला तर न्यायालयाने काय करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्याचे उत्तर १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याच्या पंचविसाव्या कलमात दिलेले आहे : ऋणकोने आपण कर्ज फेडण्यास समर्थ आहोत अशी न्यायालयाची खात्री पटविली, तर अर्ज फेटाळलाच पाहिजे. हे कलम वरवर पाहता कार्यपद्धतीचे एक साधे कलम दिसते. परंतु दख्खनमधील कर्जवसुलीचा इतिहास ध्यानात घेतल्यास, न्यायालय आणि सावकाराचा तगादा ह्यांमधील सीमारेषाच त्यात आखलेली आहे असे दिसून येईल. त्या इतिहासाकडे येथे विशेषतः भोर मुलखाच्या दृष्टीने पाहावयाचे आहे. हा मुलूख इंग्रजी अमलाच्या ऐन काठावर असूनही १९४८ पर्यंत त्याच्या बाहेर राहिला. त्यामुळे कायद्याची सीमा कोठे संपते आणि मनुष्याची ऐपत कशी मोजावयाची, हे दोन्ही प्रश्न येथे अधिक स्पष्ट होतात.

२. तगाद्याचे राज्य

पेशवाईच्या अखेरीस ह्या प्रांतात कर्जवसुलीचा सामान्य मार्ग कचेरीतून जात नसून ऋणकोच्या दारातून जात असे. दख्खनचा कमिशनर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखासंबंधी जो अहवाल सादर केला, त्यात तगाद्याचे वर्णन आहे. साध्या मागणीपासून प्रारंभ होऊन हा तगादा पायरीपायरीने वाढत जाई. धनको दारात धरणे धरून बसे, ऋणकोस घराबाहेर जाऊ देत नसे, अन्न घेऊ देत नसे. प्रसंगी डोक्यावर धोंडा देऊन त्यास उन्हात उभे करी. ह्या पद्धतीत ऋणकोच्या ऐपतीची चौकशी होत नसे. ज्याच्यापाशी आहे तो छळास कंटाळून देईल, आणि ज्याच्यापाशी नाही त्याचे आप्त लाजेपोटी देतील, एवढाच त्यामागील हिशेब होता. ह्या व्यवहारास धर्मशास्त्राची एक मर्यादा अवश्य होती. दामदुपटीच्या नियमाने कोणत्याही एका वेळी घ्यावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ शकत नसे. परंतु ती मर्यादा रकमेची होती, वसुलीच्या रीतीची नव्हती.

इंग्रजी कायद्याने धरण्यास गुन्हा ठरविले. १८६० च्या दंडसंहितेत ह्यासंबंधीचे कलम आहे आणि त्याखाली दारात धरणे धरून बसणाऱ्याचेच उदाहरण दिले आहे. तथापि तगाद्याची वृत्ती कायद्याने नाहीशी होत नाही. ती नवे साधन शोधते. दिवाणी न्यायालये स्थापन झाल्यावर हे साधन हुकूमनाम्याच्या रूपाने सावकाराच्या हाती आले. हुकूमनाम्याच्या बजावणीत ऋणकोस कैद करता येत असे, आणि कैदेचा धाक हा धोंड्याच्या भारापेक्षा कमी परिणामकारक नव्हता.

३. १८७९ चा कायदा आणि भोरची सीमा

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर जो उठाव केला, त्याचे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. ह्या दंग्यांचा रोख खतांवर व दस्तऐवजांवर होता, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि पुढे १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांस लागू झाला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने ह्या कायद्यातील तीन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्यास अटक वा कैद करण्याची पद्धत त्याने बंद केली. विशेष रीतीने गहाण दिलेली नसेल तर शेतकऱ्याची स्थावर मिळकत अशा हुकूमनाम्याखाली जप्त करता येणार नाही, असे ठरविले. आणि तिसरे म्हणजे, ज्याचे कर्ज पन्नास रुपये वा अधिक आहे अशा शेतकऱ्यास स्वतः होऊन नादार ठरवून घेण्यासाठी अर्ज करण्याची मुभा दिली. नादारी ही ऋणकोस मिळावयाची सुटका आहे, ही कल्पना ह्या कायद्याने पुणे जिल्ह्याच्या खेड्यांपर्यंत पोहोचविली. तोवर ती प्रामुख्याने मुंबईसारख्या इलाख्याच्या शहरांपुरती होती. तेथे १८४८ च्या कायद्याने नादार ऋणकोंसाठी स्वतंत्र न्यायालय चालत असे.

भोर मात्र ह्या सर्वांच्या पलीकडे होते. शंकराजी नारायण ह्यांच्यापासून चालत आलेली पंतसचिवांची ही जहागीर पेशवाईनंतर सातारच्या छत्रपतींच्या मांडलिकांत मोडत असे आणि १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यावर तिचा संबंध थेट इंग्रज सरकारशी आला. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि घाटाखालील सुधागड असे तिचे पाच तालुके होते. आजचा भोर तालुका व वेल्ह्याचा डोंगरी प्रदेश त्यांतील पहिल्या तीन नावांशी निगडित आहे. पूर्वेस पुणे जिल्हा व दक्षिणेस सातारा जिल्हा, म्हणजे दोन्ही बाजूंस १८७९ च्या कायद्याचा अंमल, आणि मध्ये संस्थानी मुलूख, अशी ही रचना होती.

ह्या रचनेचा कायदेशीर परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. इंग्रजी मुलखातील न्यायालयाच्या दृष्टीने संस्थानचे न्यायालय परराज्याचे, आणि संस्थानच्या दृष्टीने इंग्रजी न्यायालय परके. स्थावर मिळकतीवर जेथे ती मिळकत आहे तेथील कायद्याचा अधिकार चालतो, हा सर्वमान्य नियम होय. म्हणून भोरचा रहिवासी पुण्यास व्यापार करीत असला आणि त्याची भातखाचरे नीरेच्या वा वेळवंडीच्या खोऱ्यात असली, तर पुण्याच्या नादारी न्यायालयाचा हुकूम त्याच्या पुण्यातील मालावर चाले, पण खाचरांवर आपोआप चालत नसे. अशा मनुष्यास ऐपतदार म्हणावे की नादार? पुण्याच्या पेढीवरून पाहिले तर तो बुडालेला, भोरच्या शिवारावरून पाहिले तर तो सुस्थित. ऐपत ही केवळ संपत्तीची बेरीज नसून, ती संपत्ती कर्जाच्या कामी लावता येते की नाही ह्यावर अवलंबून असते, हा मुद्दा ह्या सीमेने आपोआपच पुढे आणला.

४. पंचविसावे कलम

प्रांतांसाठी नादारीचा स्वतंत्र कायदा प्रथम १९०७ मध्ये व सुधारून १९२० मध्ये झाला. मुंबई, कलकत्ता व मद्रास ह्या शहरांसाठी १९०९ चा कायदा होता. भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि त्यानंतर देशाचे सर्वसामान्य कायदे ह्या मुलखासही लागू होऊन पूर्वीची सीमा पुसली गेली.

१९२० च्या कायद्याप्रमाणे धनकोस अर्ज करावयाचा असेल तर त्याचे येणे किमान ५०० रुपये असले पाहिजे, ते निश्चित रकमेचे असले पाहिजे, आणि ऋणकोने अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत नादारीचे एखादे कृत्य केलेले असले पाहिजे. धनकोंस बुडविण्याच्या हेतूने मिळकत दुसऱ्याच्या नावे करणे, त्यांना चुकविण्यासाठी घर वा गाव सोडणे, आपण देणी थांबविली असल्याचे कळविणे, हुकूमनाम्याच्या बजावणीत मिळकत विकली जाणे, ही अशी कृत्ये होत. हे सर्व शाबीत करण्याचा भार धनकोवर आहे. तो त्यात उणा पडला तर अर्ज फेटाळला जातो. उदाहरणार्थ, मुंबई राज्यात १९४६ च्या सावकारी कायद्याने विनापरवाना सावकारास आपल्या दाव्यात हुकूमनामा मिळणे बंद केले. अशा मनुष्याने नादारीच्या न्यायालयात येण्यापूर्वी आपले येणे कायद्याने वसूल होण्याजोगे आहे काय, ह्याचा विचार करणे ओघानेच आले.

परंतु धनकोने सर्व काही शाबीत केले, तरीही ऋणकोस एक दार उघडे राहते. ‘मी माझी कर्जे फेडण्यास समर्थ आहे’ हे त्याने दाखवून दिले तर अर्ज टिकत नाही. येथे शाबितीचा भार उलटतो. ऐपत दाखविणे ऋणकोचे काम आहे. धनकोने त्याचे दारिद्र्य दाखवीत बसावयाचे नाही. तसेच कलमातील शब्द ‘कर्जे’ असा अनेकवचनी आहे. केवळ अर्जदार धनकोचे पैसे देण्याची तयारी पुरेशी होत नाही. सर्व देण्यांचा हिशेब मांडावा लागतो. येनुमुला मल्लुदोरा विरुद्ध पेरुरी सीतारत्नम् ह्या १९६६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा स्पष्ट केला. नादारीचे कृत्य एकदा घडले की ते सर्व धनकोंच्या उपयोगी पडते. एकाचे तोंड बंद केल्याने ते पुसले जात नाही. सर्वांची देणी फेडण्याचे सामर्थ्य दाखविणे ही गोष्ट निराळी.

ह्या दाराचे महत्त्व नादारीच्या परिणामांवरून कळून येते. नादार ठरविणारा हुकूम होताच मनुष्याची सारी मिळकत न्यायालयाकडे वा त्याने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. त्यास स्थानिक स्वराज्य संस्थेवर निवडून येता येत नाही. मुक्तता मिळेपर्यंत विधानसभेचे वा संसदेचे सदस्यत्व त्यास घटनेनेच बंद आहे. आणि गावात ‘दिवाळखोर’ ही पदवी चिकटते ती न्यायालयाच्या मुक्ततेनेही सुटत नाही. दिवाळे निघालेला सावकार भर दिवसा दुकानात दिवा लावून बसे, अशी ह्या शब्दाची उपपत्ती सांगतात. ती खरी असो वा नसो, अब्रूच्या जाहीर नाशाची भावना तीत पुरेपूर आहे. एवढे शस्त्र पाचशे रुपयांच्या धनकोच्या हाती बिनशर्त देणे म्हणजे धरण्याचेच पुनरुज्जीवन झाले असते. म्हणूनच खोडसाळ वा निराधार अर्ज करणाऱ्या धनकोकडून ऋणकोस एक हजार रुपयांपर्यंत भरपाई देवविण्याची तरतूदही ह्याच कायद्याच्या सव्विसाव्या कलमात आली.

५. समर्थ म्हणजे काय?

हे तत्त्व केवळ आपल्याकडचे नाही. १८८३ च्या इंग्लिश दिवाळखोरी कायद्यात ते आहे, आणि तेथूनच ते भारतात व ऑस्ट्रेलियात गेले. ऑस्ट्रेलियाच्या १९६६ च्या कायद्याचे बावन्नावे कलम आपल्या पंचविसाव्या कलमाशी ताडून पाहण्यासारखे आहे. ऋणकोने ऐपतीविषयी खात्री पटविल्यास न्यायालय अर्ज ‘फेटाळू शकते’, असे तेथील शब्द आहेत. आपल्या १९२० च्या कायद्यात ‘फेटाळील’ अशी आज्ञा आहे. तेथे न्यायाधीशाच्या विवेकास जागा ठेवली आहे; येथे ऐपत शाबीत झाल्यावर विवेकाचा प्रश्न उरत नाही.

ऐपत कशी मोजावी, ह्याविषयी मात्र ऑस्ट्रेलियातील विचार अधिक नेमका झालेला आहे. देणी जसजशी देय होतील तसतशी ती देण्याचे सामर्थ्य, अशी तेथील कायद्याची व्याख्या आहे. सँडेल विरुद्ध पोर्टर ह्या १९६६ च्या खटल्यात तेथील सरन्यायाधीश बार्विक ह्यांनी असे प्रतिपादिले की, ऋणकोचा पैसा म्हणजे केवळ त्याच्या हातची रोकड नव्हे. आपली मिळकत विकून, गहाण टाकून वा तारण देऊन तुलनेने थोड्या अवधीत तो जो पैसा उभा करू शकेल, तोही त्यात धरला पाहिजे. रोकड नाही म्हणून मनुष्य नादार ठरत नाही. आणि मिळकत आहे म्हणून तो आपोआप समर्थही ठरत नाही. मिळकतीचा पैसा वेळेत व्हावयास हवा.

ही कसोटी भोर-वेल्ह्याच्या शेतकऱ्यास लावून पाहिली असता तिची खरी अडचण ध्यानात येते. समजा, एका शेतकऱ्याचे एकंदर कर्ज वीस हजार रुपये आहे आणि त्याच्या भातजमिनीची किंमत दोन लाख आहे. कागदावर तो दहापट समर्थ आहे. परंतु १९४८ च्या कूळ कायद्याच्या त्रेसष्टाव्या कलमाने शेतजमीन बिगरशेतकऱ्यास विकण्यास मनाई केली. म्हणजे खरेदीदार शेतकऱ्यांतूनच मिळावयास हवा. ती जमीन त्यास कूळ म्हणून त्याच कायद्याने मिळालेली असेल, तर त्रेचाळिसाव्या कलमान्वये तिच्या हस्तांतरावर सरकारी परवानगीचे बंधन आले. त्यात गावातील भाऊबंदांचे सामाईक हक्क आणि न झालेल्या वाटण्या मिळविल्या, म्हणजे ‘थोड्या अवधीत’ ह्या शब्दांचा अर्थ महिन्यांवरून वर्षांवर जातो. शेतकऱ्याच्या रक्षणासाठी घातलेली बंधनेच त्याची न्यायालयीन ऐपत कमी करतात, असा हा विपर्यास आहे.

त्यावर एक उत्तर १९२० च्या कायद्यातच सापडते. जी मिळकत दिवाणी व्यवहार संहितेने वा अन्य कायद्याने जप्तीपासून मुक्त आहे, ती नादाराच्या मिळकतीत धरावयाची नाही, असे अठ्ठाविसावे कलम सांगते. शेतकऱ्याचे राहते घर, अवजारे व गुरे ह्यांस ही मुक्तता आहे. म्हणजे धनको त्यांवर हात टाकू शकत नाही. आता न्यायाची दृष्टी समतोल ठेवावयाची तर जे धनकोस मिळू शकत नाही, ते ऋणकोनेही आपल्या ऐपतीचा पुरावा म्हणून पुढे करू नये, हे तर्कास धरून दिसते. पण जी जमीन अशी मुक्त नाही आणि जिची विक्री केवळ विलंबाने होणार आहे, तिच्याबाबत विलंबाचा दोष ऋणकोच्या माथी मारणे तितकेसे न्याय्य वाटत नाही. १९३९ व १९४७ च्या मुंबई शेतकरी कर्जनिवारण कायद्यांनी ह्यास्तव ऋणकोची ‘फेडण्याची शक्ती’ पाहून कर्जाचे हप्ते पाडण्याचा मार्ग स्वीकारला. पंधरा हजार रुपयांपर्यंतच्या कर्जापुरताच तो खुला होता. परंतु समर्थ व असमर्थ ह्यांच्या मधे ‘अवधी दिल्यास समर्थ’ अशी तिसरी अवस्था असते, हे त्याने मान्य केले.

६. बुटीबोरीचा खटला

ह्या जुन्या प्रश्नाने अलीकडे कंपन्यांच्या क्षेत्रात पुन्हा डोके वर काढले. कंपनी बुडविण्याचा अर्ज हे वादग्रस्त देणे वसूल करण्याचे साधन नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्येच सांगितले होते. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने मात्र कसोटी बदलली : ऋणको फेडण्यास असमर्थ आहे काय, ह्याऐवजी त्याने देणे चुकविले आहे काय, एवढेच पाहावयाचे. नागपूरजवळील बुटीबोरी येथे ६०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र चालविणाऱ्या विदर्भ इंडस्ट्रीज पॉवर ह्या कंपनीविरुद्ध ॲक्सिस बँकेने सुमारे ५५३ कोटी रुपयांच्या येण्यासाठी अर्ज केला. कंपनीचे म्हणणे असे की, विद्युत अपील न्यायाधिकरणाच्या २०१६ च्या निर्णयाने आम्हांस १,७३० कोटी रुपये येणे आहेत. नियामक आयोगाचे अपील प्रलंबित असल्याने ते हाती पडत नाहीत, एवढेच. कनिष्ठ न्यायाधिकरणांनी हा बचाव अप्रस्तुत मानला. १२ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो प्रस्तुत ठरविला. संहितेत ‘दाखल करून घेऊ शकेल’ असे शब्द आहेत, ‘घेईलच’ असे नाहीत. तेव्हा कंपनीची एकंदर स्थिती पाहणे न्यायाधिकरणाचे काम आहे, असा त्याचा आशय होता.

खाचरे आहेत पण रोकड नाही असा भोरचा शेतकरी आणि येणे आहे पण ते अडकलेले आहे अशी बुटीबोरीची कंपनी, ह्यांच्या स्थितीत तत्त्वतः फारसे अंतर नाही. तथापि हा निकाल फार काळ व्यापक राहिला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पुनर्विलोकनाचा अर्ज फेटाळताना त्याच न्यायालयाने तो त्या खटल्याच्या वस्तुस्थितीपुरता असल्याचे सूचित केले, आणि मे २०२३ मधील एम. सुरेशकुमार रेड्डी विरुद्ध कॅनरा बँक ह्या निकालात ते अधिक ठाम झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकाचा रोखही थकबाकी शाबीत झाल्यावर अन्य कारणे पाहू नयेत असाच होता. मोठ्या बँकांची वसुली वेळेत व्हावी, हा ह्यामागील हेतू गैर म्हणता येणार नाही. कंपनीची किंमत विलंबाने झपाट्याने उतरते, हेही खरे आहे.

७. उपसंहार

व्यक्तींच्या बाबतीत मात्र हे स्थित्यंतर तितक्या वेगाने झाले नाही. २०१६ च्या संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या कर्जास जामीन राहिलेल्यांपुरता. सामान्य शेतकरी, दुकानदार वा नोकरदार ह्यांच्यासाठी १९२० चा कायदा त्यानंतरही चालू राहिला, आणि त्याबरोबर पंचविसाव्या कलमाची आज्ञाही. कंपनीच्या कायद्यात जी गोष्ट अडथळा म्हणून बाजूस सारली जात आहे, तीच व्यक्तीच्या कायद्यात संरक्षण म्हणून उभी आहे.

व्यक्तींसाठी नवी व्यवस्था पूर्णत्वाने लागू करण्याची वेळ येईल तेव्हा ह्या फरकाचा विचार व्हावयास हवा. कंपनी बुडाली तर तिचे भागधारक दुसरीकडे पैसा गुंतवतात. मनुष्य नादार ठरला तर त्यास त्याच गावात, त्याच नावाने राहावयाचे असते. एल्फिन्स्टनने वर्णिलेल्या तगाद्यात ऐपतीची चौकशी नव्हती, म्हणूनच तो तगादा होता. ‘तू देऊ शकतोस काय?’ हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर ऐकून घेणे आणि उत्तर होकारार्थी व सप्रमाण असेल तर धनकोस वसुलीच्या साध्या मार्गाकडे परत पाठविणे, एवढ्यानेच न्यायालय तगाद्याहून वेगळे ठरले. पंचविसावे कलम उद्या नव्या संहितेत विलीन झाले, तरी हा प्रश्न तिच्यात शिल्लक ठेवला पाहिजे. आणि त्याचे उत्तर देण्यास जमिनीवर जगणाऱ्या ऋणकोस पुरेसा अवधीही दिला पाहिजे.